खुर्ची उलटी करून पाहा: ऑफिसच्या खुर्चीचा आराम आणि टिकाऊपणा कसा जोखावा

ऑफिसची खुर्ची क्वचितच मोडते, ती बिघडते. पाय तुटून माणूस जमिनीवर आला, असे फार थोड्यांच्या बाबतीत घडते. बहुतेकांच्या बाबतीत होते ते असे, की दोन वर्षांपूर्वी उत्तम वाटणारी खुर्ची हळूहळू नकोशी होऊ लागते, दुपारनंतर कंबर धरते, बसल्या जागी चुळबुळ वाढते, आणि दोष मात्र वयाला किंवा कामाच्या ताणाला दिला जातो. प्रत्यक्षात गादीतला फोम बसलेला असतो, पाठीचा टेकू एका अंगाला कललेला असतो आणि सकाळी बेताच्या उंचीवर असलेली बैठक संध्याकाळपर्यंत दोन बोटे खाली उतरलेली असते. म्हणूनच आराम आणि टिकाऊपणा हे दोन निराळे गुण मानून खुर्ची निवडणे मला चुकीचे वाटते. खुर्चीत सर्वांत आधी झिजतो तो आरामच. सांगाडा त्यानंतरही कितीतरी वर्षे शाबूत राहतो, आणि नेमक्या त्याच कारणामुळे लोक निकामी खुर्चीवर बसून राहतात.

दुकानातली दोन मिनिटे

दोन मिनिटे बसून खुर्ची ठरवणारा माणूस हमखास फसतो, कारण त्या दोन मिनिटांत जी सर्वांत सुखद वाटते ती बहुधा सर्वांत मऊ असते, आणि मऊपणा हा चौथ्या तासाला उपयोगी पडणारा गुण नव्हे. ताठ बसल्यावर धडाचा बराचसा भार बुडाखालच्या दोन हाडांवर येतो. फार मऊ गादीत ही हाडे खोल रुततात, त्यांना खालून भक्कम आधार मिळत नाही, कटीचा भाग मागे कलंडतो आणि कमरेची आतल्या बाजूची स्वाभाविक कमान सपाट होऊन पाठीचा धनुष्यासारखा बाक निघतो. याउलट बेताची घट्ट गादी सुरुवातीला थोडी कडक वाटली, तरी हाडांना आधार देते आणि शरीराला जागा बदलू देते. तेव्हा शक्य असेल तर निदान वीस मिनिटे बसावे, आणि तेही रुबाबात मागे रेलून नव्हे, तर टेबलाशी ओढून, हात कीबोर्डवर असल्यासारखे ठेवून. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा. पुढची काही वर्षे कंटाळण्याची पाळी आपली असते.

फोमच्या बाबतीत दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते, ती म्हणजे घनता आणि कडकपणा. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन. कडकपणा म्हणजे तो दाबायला लागणारा जोर. कमी घनतेचा फोमसुद्धा कडक बनवता येतो, आणि तो हाताला दणकट लागतो. पण त्यात मूळ मालच कमी असल्यामुळे त्याच्या पेशी लवकर चेपतात आणि गादी बसते. टिकण्याचा संबंध मुख्यतः घनतेशी आहे. रोज आठ तास बसण्यासाठी दर घनमीटरला ५० किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक घनतेचा, साच्यात ओतून घडवलेला फोम पाहावा. मोठ्या ठोकळ्यातून कापून काढलेल्या फोमला सगळीकडे सारखीच उघडी छिद्रे दिसतात, तर साच्यातल्या फोमला स्वतःची गुळगुळीत साय असते आणि त्याची पुढची कड आपसूक गोलाईने खाली उतरलेली असते. ही उतरती कड महत्त्वाची आहे, कारण काटकोनात संपणारी कड मांडीच्या खालच्या बाजूला रुतते आणि तासाभरात पायांना मुंग्या येतात. घनतेचा आकडा माहितीपत्रकात नसेल तर गादीच्या मध्यभागी गुडघा रोवून अंगाचा भार टाकावा. खालची फळी किंवा प्लास्टिकचा तळ गुडघ्याला टोचला, तर ती गादी नवी असतानाच संपलेली आहे असे समजावे.

वरचे आवरण ही दिसायला सोपी आणि निवडायला अवघड बाब आहे. माझी पहिली स्वतःची खुर्ची काळ्या चामड्यासारख्या आवरणाची, फुगीर, साहेबी थाटाची होती. विक्रेत्याने ती आयुष्यभर पुरेल असे सांगितले होते. दीड वर्षानंतर पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर काळे कण दिसू लागले. आधी वाटले कुठली तरी धूळ असावी, मग लक्षात आले की मानेच्या आणि हातांच्या जागी आवरणाची पातळ कातडी नखाएवढ्या तुकड्यांत सुटत आहे आणि खालचे मळकट कापड उघडे पडत आहे. हा दोष वापरणाऱ्याचा नव्हता. कापडावर पॉलियुरेथेनचा थर चढवून केलेले असे कृत्रिम चामडे हवेतल्या दमटपणाने, उष्णतेने आणि घामाने आतून कुजत जाते, आणि एकदा सोलायला लागले की कोणत्याही मलमपट्टीने थांबत नाही. खऱ्या चामड्याचा चुरा चिकटवून केलेल्या, नावात 'लेदर' मिरवणाऱ्या मालाचीही हीच गत होते. त्यापेक्षा घट्ट विणीचे पॉलिएस्टर कापड कितीतरी अधिक टिकते. कापड किती घासणे सोसते याची चाचणी युरोपात मार्टिनडेल यंत्रावर आणि अमेरिकेत वायझनबीक यंत्रावर होते. जड वापरासाठी मार्टिनडेलचे ४०,००० किंवा वायझनबीकचे ३०,००० घर्षण सोसणारे कापड पुरेसे मानतात. हे दोन आकडे एकमेकांत बदलता येत नाहीत, त्यामुळे चाचणीचे नाव न सांगता नुसता मोठा आकडा छापला असेल तर त्यावरून काही ठरवू नये.

जाळीच्या खुर्च्यांची लाट आली ती १९९४ मध्ये हर्मन मिलर कंपनीने बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी घडवलेली एरॉन खुर्ची बाजारात आणल्यानंतर. फोम आणि कापड दोन्ही काढून टाकून ताणलेल्या जाळीवरच माणसाला बसवण्याची ती कल्पना होती, आणि ती तीन मापांत निघाली, कारण जाळीच्या भोवतालची चौकट कडक असते व ती मांडीला लागू नये यासाठी माप बसणे आवश्यक असते. आज जाळीच्या खुर्च्या सगळीकडे मिळतात, पण बहुतेकांत माप एकच असते. म्हणून जाळीची बैठक पाहताना हवा खेळते की नाही यापेक्षा मांडीखाली चौकटीची पुढची कड लागते का, हे आधी तपासावे. पाठीला जाळी आणि बैठकीला चांगला फोम, ही जोडी मला मधल्या किमतीच्या खुर्च्यांत अधिक विश्वासाची वाटते. हलक्या प्रतीची जाळी फोमसारखी चेपत नाही, ती सैलावते, आणि सैलावलेली जाळी पुन्हा ताणून देणारा कारागीर सहसा मिळत नाही.

खालची बाजू

आता खुर्ची आडवी करावी. शक्य असेल तर उलटीच करावी. दुकानात हे करायला संकोच वाटतो, पण खुर्चीचे खरे आयुष्य बैठकीच्या खाली लिहिलेले असते.

सर्वांत आधी बैठकीला खालची यंत्रणा, म्हणजे रेलण्याचा आणि उंचीचा सांधा, कशी जोडली आहे ते पाहावे. सामान्यतः चार बोल्ट एका लोखंडी पत्र्यातून वर जाऊन बैठकीच्या फळीत घट्ट होतात. फळी प्लायवूडची असेल तर तिच्यात दातेरी नट ठोकलेले असतात. पातळ प्लायवूडमध्ये हे नट कालांतराने गरगर फिरू लागतात, आणि मग बोल्ट ना सुटतो ना आवळतो. पत्रा जाड असावा, वेल्डिंग सलग असावे, ठिपक्याठिपक्यांचे नसावे. पाठीचा टेकू फक्त एका चपट्या लोखंडी पट्टीवर उभा असेल तर टेकूला दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे पीळ द्यावा. नव्या खुर्चीत जे किंचित हलते ते वर्षभरात ठळकपणे हलू लागते.

त्यानंतर सिलिंडर, म्हणजे बैठक वर-खाली करणारी मधली उभी नळी. दुकानांत याला सर्रास 'हायड्रॉलिक' म्हणतात, परंतु आत तेल नावापुरते असते. खुर्चीला तोलून धरतो तो दाबाखाली भरलेला नायट्रोजन वायू. तरफ ओढली की वरचे बारीक बटण दाबले जाते, आतली झडप उघडते आणि वायू एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाऊन बैठक वर-खाली होते. तरफ सोडली की झडप बंद आणि उंची कायम. ही झडप किंवा भोवतालची सीलं झिजली की वायू आपल्या मर्जीने इकडचा तिकडे होतो आणि खुर्ची बसता बसता खाली येते. सिलिंडरवर दर्जाचा आकडा छापलेला असतो; चौथा वर्ग हा सर्वांत दणकट. नुसत्या चिकटपट्टीवरच्या आकड्यावर विसंबू नये, कारण चिकटपट्टी कोणीही लावू शकतो; उत्पादकाचे नाव आणि चाचणीचा शिक्का नळीवरच असेल तर ते अधिक खात्रीचे.

पाय पाच असतात, आणि त्यामागे साधी भूमिती आहे. खुर्ची कलंडते ती दोन शेजारच्या चाकांना जोडणाऱ्या रेषेवरून. मध्यापासून चाकापर्यंतचे अंतर ३५ सेंटीमीटर धरले, तर चार पायांत ही रेषा मध्यापासून सुमारे २५ सेंटीमीटरवर पडते आणि पाच पायांत सुमारे २८ सेंटीमीटरवर. तीन सेंटीमीटर म्हणजे काही मोठे अंतर नव्हे असे वाटेल, परंतु तिरके वाकून खालच्या खणातली फाईल काढताना तेवढाच फरक माणसाला सावरतो. पायांचा साचा नायलॉनचा असेल तर तो काचतंतू मिसळलेला आणि खालून आडव्या-उभ्या फासळ्यांनी भरलेला असावा; पोकळ आणि गुळगुळीत असेल तर टाळावा. ॲल्युमिनियमचा साचा भक्कम असतो, मात्र चकचकीत मुलामा म्हणजे ॲल्युमिनियम नव्हे, हे नख वाजवून आणि वजन घेऊन पाहता येते.

चाकांविषयी एकच सांगायचे आहे, पण ते बहुतेक जण विसरतात: कठीण फरशीला मऊ चाके आणि गालिच्याला कठीण चाके. खुर्चीबरोबर येणारी साधी नायलॉनची चाके मुळात गालिच्यासाठी असतात. गुळगुळीत फरशीवर ती घसरतात, खडखडतात आणि लाकडी जमिनीवर चरे पाडतात. पॉलियुरेथेनची धाव असलेली चाके त्यावर उपाय आहेत. खुर्चीला चाके लावण्याची हौस मात्र जुनी आहे. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या अभ्यासिकेतल्या खुर्चीला चाके बसवून घेतली होती, म्हणजे नमुन्यांमागे उठून धावावे लागू नये.

माहितीपत्रकात मानकांचा उल्लेख असला तर तो नेमका काय सांगतो हेही समजून घ्यावे. अमेरिकेतील बिफ्मा या फर्निचर उत्पादकांच्या संस्थेचे एक्स ५.१ हे मानक खुर्ची रोज एका पाळीत वापरली जाईल असे धरून सुमारे दहा वर्षांच्या वापराचा विचार करते. त्यात बैठकीवर वजन आदळण्याची चाचणी १,००,००० वेळा आणि मागे रेलण्याची यंत्रणा झुलवण्याची चाचणी ३,००,००० वेळा होते. युरोपातील ईएन १३३५ हे मानक ११० किलोपर्यंतच्या माणसाने दिवसाचे आठ तास बसणे गृहीत धरते. दोन-तीन पाळ्यांत एकाच खुर्चीवर माणसे बदलत असतील, तर हे हिशेब लागू पडत नाहीत आणि चोवीस तास वापरासाठी म्हणून घडवलेली खुर्चीच घ्यावी लागते. ही मानके मोडतोडीविषयी बोलतात. गादी तिसऱ्या वर्षी कशी लागेल, हे त्यांतून कळत नाही. हमीपत्राचेही तसेच आहे. पहिल्या पानावर वर्षांचा मोठा आकडा असतो आणि आतल्या पानावर गादी, आवरण, चाके व हातांचे पॅड वगळलेले असतात, म्हणजे नेमके झिजणारे सगळे. हमीपत्र वाचताना काय वगळले आहे तेवढेच वाचले तरी पुरते.

टिकाऊपणाची शेवटची कसोटी म्हणजे सुटे भाग. सिलिंडरची बाहेरची नळी ५० मिलिमीटर व्यासाची आणि चाकांचा दांडा ११ मिलिमीटर जाडीचा असेल, तर ते नेहमीचे माप आहे आणि कुठल्याही कंपनीचा भाग त्यात बसण्याची शक्यता चांगली असते. अनवट मापाची, देखणी पण एकटी पडलेली खुर्ची एका चाकासाठी भंगारात जाते. याच कारणाने, नामांकित घडणीची आठ-दहा वर्षे वापरलेली खुर्ची आणि त्याच पैशांत येणारी नवी साधी खुर्ची यांत निवड करायची असेल, तर मी जुनी घेईन. फक्त तिची गादी आणि सिलिंडर बदलावे लागेल हे आधीच हिशेबात धरीन.

बसवण्याचा क्रम

चांगली खुर्ची चुकीच्या मापावर ठेवली की ती वाईट खुर्चीइतकीच त्रास देते, आणि ऑफिसांत निम्म्या तरफांना कोणी कधी हातही लावलेला नसतो. क्रम पायांपासून वर जाणारा ठेवावा. बुटांसह पाय जमिनीवर पूर्ण टेकावेत, मांडी जवळजवळ आडवी राहावी, गुडघा बुडापेक्षा किंचित खाली असला तरी चालेल. मग बैठकीची खोली. पाठ टेकूला लावून बसल्यावर गुडघ्याच्या मागची खोबण आणि बैठकीची कड यांत दोन-तीन बोटे जावीत. बैठक त्याहून खोल असेल तर माणूस पुढे सरकून बसतो, टेकूशी त्याचा संबंधच राहत नाही, आणि मग कितीही महाग टेकू असला तरी तो फक्त कोट लटकवायच्या कामाचा उरतो. पुढे-मागे सरकणारी बैठक नसेल तर कमरेमागे घट्ट उशी घेऊन ही खोली कमी करता येते.

इथे एक पेच हटकून येतो. टेबले सहसा ७२ ते ७५ सेंटीमीटर उंचीची असतात, आणि कमी उंचीच्या माणसाने पायांच्या हिशेबाने खुर्ची लावली की कीबोर्ड छातीशी येतो, खांदे वर चढतात आणि संध्याकाळी मान आखडते. अशा वेळी टेबल खाली आणता येत नसेल तर खुर्ची हातांच्या हिशेबाने वर घ्यावी, म्हणजे कोपर टेबलाच्या पातळीला येईल, आणि पायांखाली पायठण द्यावे. पायठणाला वेगळा खर्चही लागत नाही. कागदांच्या रिमचे दोन गठ्ठे चिकटपट्टीने बांधून मी कित्येक महिने भागवले आहे. पाय लोंबकळत ठेवणे मात्र कदापि नको, कारण मग मांडीखालच्या कडेवर दाब पडतो आणि पोटऱ्या सुजतात.

कमरेचा फुगवटा बैठकीपासून साधारण १७ ते २२ सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे कमरपट्ट्याच्या जरा वर, लागावा. तो बरगड्यांना टोचत असेल तर फार वर आहे. माकडहाडाला लागत असेल तर फार खाली. हातांचे टेकू कोपराच्या उंचीला किंवा किंचित खाली ठेवावेत. ते टेबलाच्या कडेला अडकून खुर्ची पुढे घेऊ देत नसतील, तर माणूस टेबलाकडे वाकून काम करतो, आणि त्यापेक्षा हात काढून टाकलेली खुर्ची बरी. बऱ्याच खुर्च्यांत ते दोन-तीन बोल्ट सोडून काढता येतात.

मागे रेलण्याची यंत्रणा ही ऑफिसच्या खुर्चीतली सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. झुलणाऱ्या खुर्चीची कल्पना नवी नव्हे. थॉमस वॉरन यांची स्प्रिंगवर डुलणारी, गोल फिरणारी आरामखुर्ची १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात मांडली होती. स्वीडनमधील अल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात कण्यातील चकत्यांमधला दाब सुई घालून मोजला, आणि टेकूविना बसल्यावर कमरेच्या चकत्यांवरचा दाब उभे राहण्यापेक्षा अधिक असल्याचे दाखवले. नंतरच्या काही मोजमापांत हा फरक कमी निघाला, परंतु टेकूवर मागे रेलल्यावर दाब उतरतो ही गोष्ट कायम राहिली. तेव्हा पाठ काटकोनात जखडून ठेवण्याची शिस्त सोडून द्यावी. रेलण्याचे कुलूप उघडे ठेवावे आणि बैठकीखालच्या मुठीने स्प्रिंगचा ताण आपल्या वजनाला जुळवावा. जुळला की नाही हे ओळखण्याची खूण अशी: हात छातीवर बांधून, पायांनी जोर न लावता मागे रेलावे. टेकू झटकन कोसळला तर ताण कमी आहे, ढकलावे लागले तर जास्त आहे, आणि जिथे थांबू तिथे टेकू आपल्याबरोबर तरंगत राहिला तर बरोबर आहे. पाठ जेवढी कलते त्याच्या साधारण निम्मी बैठक कलते अशी जोड यंत्रणा मिळाली तर उत्तम, कारण मग शर्ट वर ओढला जात नाही आणि पाय जमिनीवरून सुटत नाहीत.

राखण आणि दुरुस्ती

नव्या खुर्चीचे बोल्ट महिन्याभरात एकदा आवळावेत, कारण नवी गादी आणि फळी वजनाने किंचित दबते व बोल्ट ढिले पडतात. त्यानंतर सहा महिन्यांतून एकदा पुरे. बहुतेक जागी पाच किंवा सहा मिलिमीटरची ॲलन की चालते. आवळताना मनगटाचा जोर वापरावा, खांद्याचा नव्हे. प्लायवूडमधला नट ओढून बाहेर काढण्याचे पुण्य बहुधा अतिउत्साही माणसालाच लाभते. एकच बोल्ट पुन्हा पुन्हा ढिला होत असेल तर तो काढून स्प्रिंगचा वॉशर घालावा किंवा पुन्हा सोडवता येईल असे मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक, म्हणजे बोल्टचे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव, लावावे.

चाक अडते ते गंजाने नव्हे, केसांनी. खुर्ची आडवी करून चाक सरळ रेषेत ओढावे, नाही निघाले तर चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून उचलावे. आसाभोवती केस, धागे आणि मळी यांची घट्ट काळी अंगठी झालेली दिसते. ती ब्लेडने एका जागी उभी चिरून चिमट्याने ओढली की सलग निघते. चाकांत तेल ओतू नये, त्यावर पुन्हा धूळ बसते. फारच वाटले तर सिलिकॉनचा हलका फवारा मारावा. गादीची धूळ व्हॅक्यूमने काढावी, कारण कापडात रुतलेले बारीक कण प्रत्येक हालचालीला सँडपेपरसारखे काम करतात.

बसण्याच्या सवयींचाही खुर्चीच्या आयुष्याशी थेट संबंध आहे. उभ्याने धपकन अंग टाकणे सिलिंडरला आणि फळीला मारक, एक पाय दुमडून बुडाखाली घेणे फोमला एका बाजूने बसवणारे, आणि सदैव एकाच हातावर कोपर रोवून बसणे त्या हाताचे बोल्ट सैल करणारे. मांडी घालून बसण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी ती मोडण्याच्या फंदात पडण्यापेक्षा रुंद बैठकीची, हात बाजूला वळवता येणारी खुर्ची घ्यावी.

खुर्ची खाली बसू लागली की बहुतेक जण लगेच नवे सिलिंडर मागवतात. माझ्या हाताखालून गेलेल्या एका खुर्चीत सिलिंडर अगदी ठणठणीत होते. मी नळीवर पेन्सिलने खूण करून रिकामी खुर्ची रात्रभर ठेवली, ती हलली नाही. बसलो की मात्र इंच-इंच उतरू लागे. यंत्रणेखाली डोके घालून पाहिले तर तरफेची जीभ वाकून बटणावर कायम टेकलेली होती, म्हणजे झडप नेहमीच अर्धवट उघडी. पक्कडीने जीभ दोनेक मिलिमीटर वर घेतली आणि काम संपले. तेव्हा आधी तरफ हलवून बघावी, तिला बटणापर्यंत पोहोचण्यापूर्वी थोडी मोकळीक हवी. मोकळीक असूनही खुर्ची उतरत असेल तर सिलिंडर गेले. तात्पुरता उपाय म्हणून बैठक हव्या त्या उंचीवर घेऊन, वरखाली होणाऱ्या बारीक नळीच्या उघड्या लांबीइतका पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून तिच्याभोवती चढवता येतो. उंची मग बदलत नाही, पण काम चालते.

सिलिंडर बदलणे अवघड नाही, फक्त चिकाटीचे आहे. ते दोन्ही टोकांना स्क्रूने नव्हे, निमुळत्या आकाराच्या पकडीनेच बसलेले असते आणि वर्षानुवर्षांच्या वजनाने घट्ट रुतलेले असते. जोडांवर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवावे, मग खुर्ची आडवी धरून पायांच्या साच्याला आतून आणि यंत्रणेच्या पत्र्याला जोडाच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने हातोडीचे ठोके द्यावेत. नळीला पाइप पान्याची पकड देऊन पीळ दिला तर लवकर सुटते. नवे बसवताना जोडांवर तेल किंवा ग्रीस मुळीच लावू नये, जोड कोरडेच हवेत. वरून एकदा नीट बसले की पकड लागते. जुने सिलिंडर उघडण्याचा, भोक पाडण्याचा किंवा तापवण्याचा प्रयत्न करू नये. आत वायू दाबाखालीच असतो.

कुरकुरीचा उगम शोधताना एका वेळी एकच हालचाल करावी. फक्त रेलल्यावर आवाज आला तर यंत्रणेचा सांधा किंवा स्प्रिंग, तिथे थोडे ग्रीस. फक्त फिरल्यावर आला तर सिलिंडरच्या तळाचे बेअरिंग. बसता-उठता आला तर बहुधा बोल्ट. बसलेली गादी बदलणे हे खरे तर सोफ्याचे काम करणाऱ्याचे अर्ध्या दिवसाचे काम आहे: आवरण खालून पिनांनी मारलेले असते, त्या काढून त्याच आकाराचा जास्त घनतेचा फोम घालता येतो, आणि लोक नवी खुर्ची घेण्याच्या आधी हा पर्याय विचारातच घेत नाहीत.

तीन दोषांवर मात्र दुरुस्ती करत बसू नये. यंत्रणेच्या पत्र्याला वेल्डिंगपाशी केसासारखी चीर, पाठीची पट्टी वाकून परत सरळ केलेली असणे, आणि नायलॉनच्या पायांच्या मध्याशी, जिथे सिलिंडर बसते तिथे, काळ्या प्लास्टिकवर उमटलेली पांढुरकी रेघ. ही रेघ म्हणजे प्लास्टिक ताणाने फाटू लागल्याची खूण असते, आणि ती डिंकाने किंवा क्लॅम्पने थांबत नाही. साचा नेहमीच्या मापाचा असेल तर एकटा बदलता येतो. पत्रा किंवा पट्टी यांचा दोष असेल आणि कंपनी तो भाग देत नसेल, तर चाके, हात आणि चालू सिलिंडर काढून घ्यावे आणि उरलेली खुर्ची त्याच दिवशी वापरातून काढावी. कोपऱ्यात ठेवली तर पाहुण्याला पुढे केली जाते.